वाचकांचे प्रश्न : ज्यांनी घरात कधी काही मागितले नाही

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे लांब होती, म्हणून त्यांतला आवश्यक तेवढाच मजकूर घेतला आहे आणि लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, सप्रेम सलाम. आमचे घर अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले. त्यानंतर थोरल्या भावाने रस्त्याकडेची एक एकर जमीन आम्हा सगळ्यांच्या सह्या घेऊन विकली, पण आलेल्या पैशांचा हिशेब आजवर दिलेला नाही. उरलेले तीन एकर आणि घर आम्हा दोघा भावांत निम्मे निम्मे वाटायचे ठरले होते, तेही रखडले. बहिणीने हक्कसोडपत्र करून दिलेले आहे. आई माझ्याकडे असते. सहा वर्षे मी भावाशी बोललेलो नाही. आम्ही एकाच मंडळीत, म्हणजे एकाच चर्चमध्ये आहोत. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत घेतल्या जाणाऱ्या प्रभुभोजनाचे तबक फिरू लागले की तो दोन बाक पुढे बसलेला दिसतो आणि लहान ग्लास उचलताना माझा हात थरथरतो. मी प्रभुभोजन घ्यावे का? आणि भावाने भावावर दावा लावू नये असे प्रेषित पौल म्हणतो, तर मी माझा हक्क सोडून द्यावा का?

उत्तर : बंधू, हात थरथरतो हे तुम्ही लिहिलेत, त्यावरून तुमचे मन अजून निबर झालेले नाही हे मला कळले. सहा वर्षे अबोला धरून, दर महिन्याला निर्विकारपणे तबक पुढे सरकवणारी माणसे मी पाहिली आहेत आणि मला काळजी वाटते ती त्यांची.

प्रभुभोजनाविषयी पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आत्मपरीक्षणाची जी आज्ञा आहे, ती बहुतेक आपण एकटीच वाचतो आणि तिच्याआधीची वचने सोडून देतो. तेथे पौल रागावलेला आहे तो एका अगदी घरगुती गोष्टीवर. मंडळीतले सुखवस्तू लोक आधी येऊन जेवून घेत होते आणि ज्यांच्याजवळ काही नव्हते ते उपाशी राहत होते. म्हणजे स्वतःची परीक्षा करायची ती केवळ आपल्या मनात कोणाविषयी राग आहे का एवढीच नव्हे. आपल्याच पंक्तीला बसलेले कोण उपाशी राहिले आहे, हेही त्या परीक्षेत पाहायचे आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे मला त्याकडे परत यायचे आहे.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की, वेदीजवळ अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. आपण हे वचन हमखास उलटे वाचतो. माझ्या मनात भावाविरुद्ध काय आहे, ते येथे विचारलेलेच नाही. भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे, ते विचारले आहे. तुमच्या पत्रात त्याचा अपराध सविस्तर आला आहे, पण तो तुमच्याविषयी काय म्हणतो, याविषयी एक अक्षरही नाही. सहा वर्षांत ते तुमच्या कानावर आले नसेल असे मला वाटत नाही.

माझे वडील खेड्यातल्या मिशनच्या शाळेत शिक्षक होते. शेताच्या बांधावरून शेजाऱ्याशी त्यांचा वाद झाला होता आणि वादात त्यांचीच बाजू खरी होती, असे सगळा गाव म्हणत असे. एका रविवारी मंदिराच्या पायरीशी त्यांनी एक चप्पल काढली, दुसरी काढता काढता थांबले, पुन्हा पहिलीत पाय घातला आणि आईला म्हणाले, "तुम्ही पुढे व्हा." ते परत आले तेव्हा उपदेश संपून शेवटचे गीत चालले होते. तिकडे काय बोलणे झाले ते त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही. बांध जेथे होता तेथेच राहिला, पण पुढच्या सुगीला त्या शेजाऱ्याच्या घरून आमच्याकडे हुरडा आला.

आता हक्काविषयी. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल कोर्टकचेरीवर कडक बोलतो हे खरे आहे. पण त्याच ठिकाणी तो विचारतो की, भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय? त्याला निवाडा हवा आहे. प्रकरण दाबून टाकणे त्याला अभिप्रेत नाही. क्षमा केली म्हणजे हिशेब मागायचा नाही, अशी एक समजूत आपल्या मंडळ्यांत रुजली आहे आणि तिचा फायदा नेहमी हिशेब न देणाऱ्यालाच होतो. जकातदार जक्कयाच्या घरी तारण आले त्या दिवशी त्याने आकडेच सांगितले होते : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे लुबाडले त्याला चौपट. तेव्हा मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम धरा. आधी एकट्याने भेटा, ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर घ्या, त्यांपैकी एक मंडळीतला वडील आणि एक कागदपत्रे कळणारा असावा, त्यानंतर मंडळी. विक्री किती रुपयांना झाली आणि पैसा कोठे गेला, हे लिहून मागण्यात प्रेमाला काही बाधा येत नाही. इतके करूनही काही हाती आले नाही, तर कोर्टात जाणे हे पाप आहे असे मी म्हणणार नाही.

पण भावाच्या दारी जाण्यापूर्वी एक गोष्ट तुमच्यापुढे ठेवतो आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. लूकाच्या बाराव्या अध्यायात गर्दीतला एक जण येशूला म्हणतो की, मला माझा वाटा द्यायला माझ्या भावाला सांगा. येशू वाटणी करणारा होण्यास नकार देतो आणि लगेच लोभाविषयी सावध करतो. ज्याने वाटा अडवला तो भाऊ तेथे आहे की नाही, हे आपल्याला ठाऊक नाही. ज्याच्यावर अन्याय झाला तो मात्र समोर उभा आहे आणि ते शब्द त्यालाही ऐकायचे आहेत.

पंक्तीला कोण उपाशी राहिले, या वाक्याकडे आता परत येतो. तुमच्या पत्रात बहिणीविषयी एक वाक्य आहे आणि आईविषयीही एकच. ख्रिस्ती कुटुंबांना हिंदू एकत्र कुटुंबाचे नियम लागू होत नाहीत. आपल्याला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले आणि मागे पत्नी व मुले असली, तर त्या कायद्याप्रमाणे एक तृतीयांश वाटा पत्नीचा आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे, त्यात मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. तुम्ही दोघा भावांनी "निम्मे निम्मे" ठरवले त्याच क्षणी तिसरा हिस्सा आईचा होता आणि बहिणीचा वाटा तुमच्याइतकाच होता. बहिणीने सही करून दिली, हे मी वाचले. आपल्या गावांत ती सही कशी होते, हेही मी पाहिले आहे. मुलगी माहेरी येते, जेवणे होतात, ताटे उचलल्यावर कागद पुढे येतो, आणि माहेर तुटू नये म्हणून ती तो न वाचता सही करते. कायद्याने ती सही पक्की असेल. बायबलातल्या गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या वतनात वाटा मागतात आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे, असे खुद्द परमेश्वर सांगतो. तुमच्या बहिणीने मागितले नाही, एवढाच काय तो फरक आहे.

म्हणून माझी विनंती अशी की, भावाकडे जाल तेव्हा "माझे पैसे दे" या वाक्याने सुरुवात करू नका. "दादा, आपण दोघांनी आईचे आणि ताईचे काय केले?" असे विचारा. या प्रश्नात तुम्ही दोघे एकाच बाजूला उभे राहता. सहा वर्षांत प्रथमच तुम्ही त्याच्यापुढे फिर्यादी म्हणून न जाता भावासारखे जाल. तो दार लावून घेईलही. तरी आई तुमच्याच घरी आहे. तिला विचारण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही. कागदाचे काय करायचे ते वकिलाला विचारून ठरवा.

आणि प्रभुभोजन घ्या. वाटेला लागलेल्या माणसासाठीच ती पंगत आहे. पहिल्या प्रभुभोजनाला मेजाभोवती बसलेल्यांत, काही तासांत प्रभूला नाकारणार होता तो शिष्य पेत्रही होता.

प्रश्न : मी पिंपरी-चिंचवड भागात राहते. माझे पती मंडळीच्या कमिटीत आहेत. घरोघरच्या प्रार्थनासभांत त्यांची प्रार्थना ऐकून लोकांच्या डोळ्यांत पाणी येते. घरी मात्र रात्री दहाला कौटुंबिक प्रार्थना सुरू होते ती पाऊण तास चालते, आणि त्या प्रार्थनेतच ते मुलांची खरडपट्टी काढतात : "प्रभू, या मुलाला गणितात एवढे कमी गुण मिळाले, तो मोबाइल सोडत नाही, त्याला सद्बुद्धी दे." मोठा मुलगा तेरा वर्षांचा आहे. परवा तो मला म्हणाला, "आई, पप्पा देवाला माझी चुगली करतात." मी काही बोलले तर मला पतीच्या अधीन राहण्याचे वचन ऐकवले जाते. ते हात उगारत नाहीत. मी काय करावे?

उत्तर : भगिनी, तुमच्या मुलाच्या त्या एका वाक्यात मला देवाविषयीची मोठी जाण दिसली. प्रार्थना देवाशी असते आणि येथे ती देवाशी चाललेली नाही, हे त्याला कळले आहे. डोळे मिटलेल्या, हात जोडलेल्या मुलाला उलट उत्तर देता येत नाही. अशा वेळी त्याला बोलणे म्हणजे त्याचे हात बांधून बोलणे आहे, आणि त्यात साक्षीदार म्हणून देवाला उभे केले जाते. कलस्सैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल बापांना बजावतो की, मुलांना चिरडीस आणू नका, नाही तर ती खचून जातील. खचलेली मुले पुढे भांडत नाहीत. ती अठरा-वीस वर्षांची झाली की शांतपणे मंडळीत येणे थांबवतात आणि आपण "जग वाईट झाले" म्हणून उसासे टाकतो.

अधीनतेच्या वचनाविषयी स्पष्ट लिहितो. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातले ते बाविसावे वचन आहे. त्याच्याआधी एकविसावे आहे आणि त्यात एकमेकांच्या अधीन असण्याची आज्ञा सर्वांना आहे. पंचविसाव्यात पतीने पत्नीवर ख्रिस्ताने मंडळीवर केली तशी, म्हणजे स्वतःला देऊन टाकणारी प्रीती करावी, असे सांगितले आहे. मधले वचन उचलून पत्नीचे तोंड बंद करण्यासाठी वापरणे हा शास्त्राचा दुरुपयोग आहे, मग तो कमिटीतल्या माणसाने केलेला असो की पाळकाने.

तुम्ही काय करावे? मुलांसमोर हा विषय काढू नका आणि प्रार्थनेनंतर लगेचही काढू नका. रविवारी दुपारी किंवा चालायला गेल्यावर, ते निवांत असताना, मुलाचे ते वाक्य जसेच्या तसे त्यांना सांगा आणि त्यावर काही भाष्य करू नका. हा अंक मात्र त्यांच्यासमोर उघडून ठेवू नका. टोमणा मारण्याचा तोही एक प्रकारच होईल. ते ऐकून घेतील तर मग पुढचे सुचवा. प्रार्थना रात्री दहाऐवजी जेवणाआधी घ्यावी. शिष्यांनी प्रार्थना करायला शिकवा म्हटले, तेव्हा प्रभूने शिकवलेली प्रार्थना सावकाश म्हटली तरी एका मिनिटात संपते; तेव्हा दहा मिनिटे पुष्कळ झाली. गीत मुलांनी निवडावे. मुलांची नावे प्रार्थनेत घ्यायची ती आभार मानण्यासाठी, आणि चूक कबूल करायची असेल तर ती आईवडिलांनी आपली स्वतःची करावी. "प्रभू, आज मी मुलावर विनाकारण ओरडलो, मला क्षमा कर," असे बापाच्या तोंडून एकदा ऐकलेला मुलगा ते आयुष्यभर विसरत नाही. मी ते माझ्या वडिलांच्या तोंडून दोनदा ऐकले आणि दोन्ही वेळा मी कोठे बसलो होतो हे मला आजही सांगता येईल.

पती ऐकत नसतील, तर तुमच्या पाळकांशी बोला. त्यात चहाडी नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, ज्याला आपल्या घराची व्यवस्था ठेवता येत नाही तो देवाच्या मंडळीची काळजी कशी घेईल, असे विचारले आहे. म्हणजे घरातले वागणे हा मंडळीच्याही काळजीचा विषय आहे.

ते हात उगारत नाहीत, असे तुम्ही मुद्दाम लिहिले आहे. ज्या भगिनींना तसे लिहिता येणार नाही, त्या हे वाचत असतील, म्हणून सांगतो : मार सहन करणे हा क्रूस वाहण्याचा प्रकार नाही. २००५ च्या कायद्याने घरातल्या हिंसाचारापासून तुम्हाला संरक्षण दिले आहे आणि १८१ हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे. आधी सुरक्षित जागी जा. प्रार्थना तेथेही करता येते.

प्रश्न : मी मुंबईत नोकरी करतो. गावी आईवडील आहेत आणि वडिलांच्या औषधांना दरमहा साडेतीन हजार रुपये लागतात. तेवढे पाठवले की पूर्ण दशमांश, म्हणजे देवासाठीचा मिळकतीचा दहावा भाग, देता येत नाही. मी देवाचे चोरतो आहे का?

उत्तर : नाही. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू नेमक्या याच गोष्टीवर बोलला आहे. आईबापांना जे द्यायचे ते "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलेले आहे, असे म्हणून त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवणारी रीत त्याच्या काळी होती आणि ती देवाचे वचन रद्द करते, असे त्याने सांगितले. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तर दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी, उपरे, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावे म्हणून गावातच ठेवायला सांगितला आहे. पगार झाला की औषधांचे पैसे आधी बाजूला काढा आणि उरलेल्यातून जमेल तेवढे मोकळ्या मनाने द्या. एक मात्र करा. वडिलांना फोनवर "औषधे आहेत ना?" असे विचारू नका, कारण ते "आहेत" म्हणतील. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा गोळ्यांची पाकिटे स्वतः मोजा. मुलावर भार नको म्हणून गोळी दिवसाआड घेणारे बाप मला घरभेटींत अनेकदा भेटले आहेत.

प्रश्न : मी सहा वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. माझे माहेर हिंदू आहे. दरवर्षी गौरीजेवणाला आई बोलावते. मंडळीतल्या काही भगिनी म्हणतात की, त्या घरचा घासही घेऊ नये. सहा वर्षांत मी एकदाही गेलेले नाही. यंदा आईने फोनवर "जमलं तर ये" एवढेच म्हटले. मी जावे का?

उत्तर : जा. जाऊ नका म्हणणाऱ्या भगिनींची कळकळ मी समजू शकतो. नवा विश्वास जपावा असेच त्यांना वाटते. पण करिंथकरांस पहिल्या पत्राचा दहावा अध्याय त्यांनी तुमच्याबरोबर बसून वाचायला हवा होता. तेथे पौल म्हणतो की, विश्वास न ठेवणाऱ्यांपैकी कोणी जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले, तर पुढे वाढलेले चौकश्या न करता खा. हे अर्पण केलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर मात्र सांगणाऱ्याच्या विवेकासाठी ते खाऊ नका. म्हणजे आईला आधीच मोकळेपणाने सांगा : "मी येईन, सगळ्यांबरोबर जेवेन, पूजेला आणि आरतीला बसणार नाही, आणि नैवेद्याचे ताट मला वाढू नकोस." बहुतेक आयांना हे कळते. लेक आली आहे यापुढे त्यांना बाकीचे फार मोठे वाटत नाही.

अरामाचा सेनापती नामान कोडातून बरा झाल्यावर संदेष्टा अलीशाला म्हणाला की, माझा राजा माझ्या हातावर टेकून रिम्मोन या त्याच्या देवाच्या देवळात जाईल तेव्हा मलाही वाकावे लागेल, त्याची मला क्षमा व्हावी. अलीशाने त्याला उपदेश केला नाही. "शांतीने जा," एवढेच तो म्हणाला. नामानाला मिळाली तेवढी सवलत तुम्ही घ्यावी, असे मी म्हणत नाही. नव्या विश्वासणाऱ्याच्या घरगुती अडचणीकडे संदेष्ट्याने किती मायेने पाहिले, ते तुमच्या लक्षात आणून द्यायचे आहे.

आपल्या मराठी मंडळीला हा प्रश्न नवा नाही. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर आल्या नाहीत. काही वर्षे ताटातुटीची गेली, आणि एकत्र राहू लागल्यावरही त्यांनी आपले सोवळे काही काळ निराळे ठेवले. पुढे १९०० साली त्यांनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. त्या काळात टिळकांनी जी वाट पाहिली, तिच्याविषयी आपल्या व्यासपीठांवरून फार कमी बोलले जाते. टिळकांनी जर घरातल्या घरात बहिष्कार घातला असता, तर पुढचे काय झाले असते ते मला सांगता येणार नाही, पण मला तो विचारही नकोसा वाटतो.

तुमच्या आईने पाच वेळा आग्रह केला असणार आणि सहाव्या वेळी फक्त "जमलं तर ये" म्हटले. ते वाक्य पुन्हा ऐका. लोकांच्या मते गौरी ही माहेरी आलेली लेक असते, आणि त्या तीन दिवसांत तुमची आई शेजारणींच्या लेकी येताना पाहते. जमल्यास जेवणाच्या आदल्या दिवशीच जा. सोळा भाज्या निवडायच्या असतात, पुरण शिजवायचे असते. या वयात ते तिला एकटीला झेपत नसेल, आणि ती हे तुम्हाला फोनवर सांगणार नाही.